क्लाउडवरचा सर्व्हर ताब्यात घेण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सिंहस्थ तोंडावर आला आहे. पंचवटी, तपोवन, त्र्यंबकेश्वरकडचे लॉजवाले आणि गाड्या भाड्याने देणारे ऑनलाइन बुकिंगच्या मागे लागले आहेत. निफाड-दिंडोरीची द्राक्षांची पॅकहाउसेस, सातपूर-अंबडचे लहान कारखाने, क्लासेस, पतसंस्था यांचा हिशेबही टेबलाखालच्या कॉम्प्युटरवरून उठून क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरवर, चालला आहे. ऑफिसची वीज गेली तरी काम थांबत नाही, तेव्हा निर्णय चांगलाच आहे. अडचण आहे ती ताबा घेण्याच्या पद्धतीत. साइट मोबाइलवर उघडली की काम झाले असे समजून बिल चुकते होते. पुढे वर्षभर ज्या तक्रारी चालतात, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ सर्व्हर उभा केला त्या पहिल्या तासात असते. सर्व्हर घेणाऱ्यांसाठी आणि तो उभा करून देणाऱ्या तरुणांसाठी, त्या एका तासाबद्दल हे जरा लांब पत्र.

क्लाउड कंपनीच्या पानावर उबुंटू, डेबियन, रॉकी, अल्मा अशी नावे दिसतात, त्या इमेज. इमेज म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा तयार साचा. साच्यातून गणपती निघतो, पण रंगकाम आणि डोळ्यांची आखणी बाकी असते, तसेच इथे. दोन मिनिटांत मशीन सुरू होते खरे, पण ते साऱ्या जगाला मिळते तेच मशीन असते. नाशिकच्या पतसंस्थेसाठी म्हणून त्यावर काहीही केलेले नसते.

साचा निवडताना आधी मुदत पाहावी. सेंटओएस ८ ची मुदत ३१ डिसेंबर २०२१ ला संपली आणि सेंटओएस ७ ची ३० जून २०२४ ला. तरी जुने व्हिडिओ पाहून तीच इमेज शोधून काढणारे आहेत. उबुंटू २०.०४ ची नेहमीची पाच वर्षेही मे २०२५ मध्ये भरली. मुदत संपलेल्या लिनक्सला सुरक्षेचे अपडेट येत नाहीत आणि हे कुठे लाल अक्षरांत दिसत नाही. मशीन मुकाट्याने चालत राहते. नवे काम सुरू करायचे तर निदान उबुंटू २४.०४ घ्यावी, तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. सेंटओएसची सवय असेल तर रॉकी किंवा अल्मा. सगळे काही आधीच बसवलेल्या फुकट इमेज दिसतात. त्या कुणी बनवल्या हे नीट कळत नसेल तर घेऊ नयेत.

त्याच पानावर आणखी दोन गोष्टी चुकतात. एक, रीजन, म्हणजे मशीन प्रत्यक्षात कुठल्या ठिकाणी ठेवलेले आहे ते. ॲमेझॉनचे मुंबई रीजन २०१६ पासून आहे, गुगलचे २०१७ पासून. पण मेनूत बरेचदा परदेशातले रीजन आधीच निवडलेले असते आणि घाईत तसेच राहते. मग प्रत्येक क्लिक समुद्रापार जाऊन येते. नंतर रीजन बदलण्याचे बटण नसते, इमेज दुसरीकडे कॉपी करून मशीन नव्याने उभे करावे लागते. दुसरे, प्रोसेसर. आर्म जातीच्या प्रोसेसरची मशीन स्वस्त पडतात आणि पीएचपी, पायथन, मायएसक्यूएल त्यांवर उत्तम चालतात. पण बिलिंगचे एखादे जुने सॉफ्टवेअर फक्त इंटेलसाठी बनवलेले असेल तर ते तिथे ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ एवढेच बोलून बसते. विकत घेण्याआधी सॉफ्टवेअरवाल्याला हा एक प्रश्न विचारून ठेवावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खाते कुणाच्या नावावर आहे. सर्व्हर उभा करणारा आपल्याच खात्यात दहा गिऱ्हाइकांची मशीन चालवतो आणि वर्षाला ठोक रक्कम घेतो, ही पद्धत सोपी वाटते; पण त्याचे कार्ड नाकारले गेले तर दहाही मशीन एकदम बंद पडतात. खाते संस्थेच्या ई-मेलवर, संस्थेच्या कार्डावर आणि संस्थेच्या जीएसटी क्रमांकावर असावे. बिल आपल्या क्रमांकावर नसेल तर त्यावरच्या जीएसटीची वजावटही आपल्याला मिळत नाही. खात्याला मोबाइलवरचे दुहेरी लॉगिन लावावे आणि काम करणाऱ्याला त्याच खात्यात वेगळा युजर करून द्यावा. मुख्य पासवर्ड संस्थेच्या कपाटात राहील, त्याच्या वहीत नाही.

आता आत शिरण्याच्या की-फाइलबद्दल. लिनक्सच्या क्लाउड इमेजवर बहुधा पासवर्ड नसतो, दोन भागांची की असते: खाजगी भाग आपल्याकडे, सार्वजनिक भाग सर्व्हरवर. ॲमेझॉनवर कंपनीकडून बनवून घेतलेली खाजगी की एकदाच डाउनलोड करता येते, पुन्हा मागून मिळत नाही. म्हणून ती पेन ड्राइव्हवर उतरवून जपावी आणि व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवू नये. मदतनिसाला आत घ्यायचे असेल तर त्याने स्वतःची जोडी बनवून फक्त सार्वजनिक भाग द्यावा, तो सर्व्हरवर ‘ऑथराइज्ड-कीज’ फाइलमध्ये एक ओळ म्हणून बसतो. काम संपल्यावर ती एक ओळ पुसली की त्याचा प्रवेश बंद.

पहिल्याच दिवशी ‘परमिशन डिनाइड’ दिसले तर कारण बहुधा साधे असते. एक तर युजरचे नाव चुकते: ॲमेझॉनवर उबुंटूच्या इमेजला ‘उबुंटू’, ॲमेझॉन लिनक्सला ‘ईसी२-युजर’, डेबियनला ‘ॲडमिन’, तर ओरॅकल क्लाउडवर ओरॅकल लिनक्सला ‘ओपीसी’. या इमेजवर रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला युजर, म्हणून थेट शिरता येत नाही. नाहीतर की-फाइलची परवानगी सैल असते. ‘सीएचमॉड ४००’ देऊन ती फक्त मालकालाच वाचता येईल असे केल्याशिवाय एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरवर शिरण्याचा प्रोग्रॅम, ती फाइल वापरायलाच नकार देतो. आणि विंडोजवर पुटी हा एसएसएचचा प्रोग्रॅम जुना असेल तर उबुंटू २२.०४ पासूनच्या इमेज आरएसए प्रकारची की स्वीकारत नाहीत, कारण त्यांनी जुनी शा-१ सही बंद केली आहे. पुटी ०.७५ किंवा त्यापुढचे घेतले की प्रश्न सुटतो. यासाठी सर्व्हर मोडून नवा करायची गरज नसते.

पासवर्डने लॉगिन बंद केले असे सांगणारा काय दाखवतो, ते जवळून पाहावे. तो मुख्य एसएसएचडी-कॉन्फिग फाइल उघडून ‘पासवर्ड-ऑथेंटिकेशन नो’ ही ओळ दाखवील. पण उबुंटूमध्ये त्या फाइलच्या वरच्या बाजूलाच एका उपफोल्डरमधल्या छोट्या फाइली वाचण्याचा हुकूम असतो आणि त्यांत ‘५०-क्लाउड-इनिट’ नावाची फाइल असू शकते. एसएसएचचा नियम असा की जी किंमत आधी वाचली ती खरी. छोट्या फाइलीत ‘येस’ असेल तर खाली मोठ्या फाइलीत ‘नो’ लिहून उपयोग शून्य. खात्री करायची तर ‘सुडो एसएसएचडी -टी’ द्यावे, त्यातला टी कॅपिटल. सर्व्हर प्रत्यक्षात कोणते नियम पाळतोय ते तिथे दिसते. इंटरनेटवर उघड्या २२ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे एसएसएचच्या दारावर, पासवर्ड आजमावणारे प्रोग्रॅम अहोरात्र फिरत असतात, तेव्हा ही एक तपासणी टाळू नये.

फायरवॉल, म्हणजे नको ती ये-जा अडवणारी भिंत, दोन जागी असते, इथे गोंधळ होतो. एक कंपनीच्या पानावरची आणि दुसरी मशीनच्या आतली. पानावर वेबसाइटची ८० आणि ४४३ ही पोर्ट उघडली तरी साइट दिसत नसेल तर आत पाहावे. ओरॅकलच्या उबुंटू इमेजमध्ये आतले आयपीटेबल्स हे फायरवॉलचे नियम एसएसएच सोडून बाहेरून येणारे जवळजवळ सगळे अडवूनच येतात. उलट बाजूने, आतली यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू करताना आधी ओपनएसएसएचला परवानगी द्यायची आणि मगच ‘एनेबल’ करायचे. क्रम उलटला की हातातले चालू कनेक्शन बहुधा टिकते, पण एकदा बाहेर पडलात की परत आत येता येत नाही. म्हणून फायरवॉलला हात लावताना दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून पाहावे, पहिली खिडकी तोवर बंद करू नये.

डेटाबेसचे ३३०६ नंबरचे पोर्ट मात्र जगाला कधीच उघडू नये. ऑफिसातले बिलिंग थेट जोडायचे म्हणून ते उघडले जाते आणि तसेच राहते. ऑफिसचा ब्रॉडबँड आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, रोज बदलतो, ही सबब खरी आहे. पण त्यावर उपाय एसएसएच टनेल किंवा वायरगार्डचा, म्हणजे ऑफिस ते सर्व्हर अशा बंदिस्त वाटेचा आहे, सगळ्यांना दार उघडण्याचा नाही.

मशीन उभे राहताच घाईने पॅकेजेस बसवणारे एपीटी चालवले की ‘कुड नॉट गेट लॉक’ येते. पहिल्या बूटमध्ये मशीन स्वतःच अपडेट घेत असते. पहिल्या बूटची मांडणी क्लाउड-इनिट हा प्रोग्रॅम करतो; ‘क्लाउड-इनिट स्टेटस --वेट’ देऊन ती पुरी होऊ द्यावी, तरी लॉक दिसला तर आणखी पाच मिनिटे थांबावे. ती लॉक फाइल पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो, तो मानू नये. अर्धवट बसलेली पॅकेजेस मागे राहतात. क्लाउड-इनिटला आपण यादी देऊन सगळी मांडणी आपोआपही करवून घेता येते. मात्र पहिली ओळ ‘#क्लाउड-कॉन्फिग’ इंग्रजीत अचूक हवी, पुढे ओळी आत सरकवायला स्पेसच हवी, टॅब चालत नाही, आणि ही यादी साधारणतः पहिल्याच बूटला चालते. नंतर यादी दुरुस्त करून रिबूट केले तरी मशीन ढिम्म. त्या यादीत डेटाबेसचा पासवर्ड लिहू नये; मशीनवरच्या प्रोग्रॅमना ती यादी वाचता येते.

१ जीबी मेमरीच्या मशीनवर मायएसक्यूएल, पीएचपी आणि बुकिंगचे पान एकत्र चालतात, पण अगदी काठावर. क्लाउड इमेजवर बहुधा स्वॅप, म्हणजे मेमरी कमी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा, नसतो. मेमरी संपली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सर्वांत जास्त मेमरी खाणारी प्रोसेस मारतो, आणि ती बहुतेक वेळा डेटाबेसच असते. गिऱ्हाइकाला ‘डेटाबेस कनेक्शन एरर’ दिसते, आपण रिस्टार्ट करतो, चार दिवसांनी पुन्हा तेच. कर्नलच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलीत, ‘आउट ऑफ मेमरी’ आणि पुढे ‘मायएसक्यूएलडी’ दिसले की निदान पक्के. २ जीबीची स्वॅप फाइल करावी, तिची परवानगी ६०० ठेवावी, ‘एमकेस्वॅप’ आणि ‘स्वॅपऑन’ द्यावे आणि मशीन उठताना वाचल्या जाणाऱ्या एफएसटॅब या डिस्कच्या यादीत ओळ घालावी. ही शेवटची पायरी राहिली तर पुढच्या रिबूटला स्वॅप गायब. स्वॅप म्हणजे मेमरी नव्हे, तेवढ्यापुरता टेकू आहे. पर्वणीच्या दिवशीची गर्दी अपेक्षित असेल तर २ किंवा ४ जीबीचेच मशीन घ्यावे. ॲमेझॉनच्या टी-मालिकेतली मशीन सीपीयूही क्रेडिटच्या, म्हणजे साठवून खर्च करायच्या शिलकीच्या, हिशेबाने देतात: टी३-मायक्रोला सतत वापरता येतो तो प्रत्येक सीपीयूच्या १० टक्केच. त्याहून जास्त वापर चालूच राहिला तर टी२ मंदावते आणि टी३ चे बिल वाढते.

घड्याळाचेही तसेच. इमेज यूटीसी वेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, येते. ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनमध्ये पहाटे २ चा बॅकअप लावला तर तो आपल्या सकाळी साडेसातला चालतो, बुकिंगच्या ऐन गर्दीत. ‘टाइमडेटसीटीएल’ने एशिया/कोलकाता लावावे आणि क्रॉन सेवा एकदा रिस्टार्ट करावी, ती जुनीच वेळ धरून बसलेली असते.

मराठीत काम करणाऱ्यांचा खरा छळ होतो तो पुढच्या मुद्द्यावर, आणि याबद्दल कुठे नीट लिहिलेले सापडत नाही. ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवरचा मायएसक्यूएल ५.७ किंवा त्याआधीचा असेल तर त्यातली टेबले लॅटिन-१ मध्ये, म्हणजे देवनागरी न मावणाऱ्या कॅरेक्टर सेटमध्ये, बनलेली असण्याची शक्यता मोठी. आठव्या आवृत्तीत मूळ सेटिंग देवनागरी मावणारे यूटीएफ८एमबी४ झाले खरे, पण जुना डंप, म्हणजे डेटाबेसची उतरवलेली प्रत, आपला कॅरेक्टर सेट सोबत घेऊन येतो, त्यामुळे नव्या सर्व्हरवरही टेबल लॅटिन-१ चेच राहते. मग सभासदाचे नाव ‘?????’ असे साठू शकते. दिसण्यात चूक असेल तर दुरुस्त होते. पण प्रश्नचिन्हेच साठली असतील तर मूळ अक्षरे गेली, ती परत येत नाहीत. म्हणून डंप चढवल्यावर टेबलांचा कॅरेक्टर सेट तपासावा, कनेक्शनचाही यूटीएफ८एमबी४ ठेवावा आणि एक मराठी नाव लिहून, साठवून, परत वाचून पाहावे.

पावतीच्या पीडीएफची कहाणी वेगळीच. सर्व्हरच्या इमेजवर सहसा देवनागरी फॉन्ट नसतो, त्यामुळे अक्षरांच्या जागी चौकोन येतात. ‘फॉन्ट्स-नोटो-कोअर’ हे पॅकेज बसवले की चौकोन जातात. पण ‘निफाड’चे ‘नफिाड’ दिसू लागले आणि ‘द्राक्ष’मधली अक्षरे पाय मोडून सुटी पडली, तर दोष फॉन्टचा नाही. पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रॅमला ऱ्हस्व वेलांटी आधी घ्यायची आणि जोडाक्षर जुळवायचे हे कळत नाही. डॉमपीडीएफचे हेच होते. एमपीडीएफमध्ये फॉन्टसाठी जोडाक्षरे जुळवणारा ओटीएलचा पर्याय चालू करावा, किंवा पान क्रोमच्या हेडलेस, म्हणजे खिडकी न उघडता चालणाऱ्या, पद्धतीने पीडीएफ करून घ्यावे. तिथे जोडाक्षरे बरोबर येतात. ताबा घेताना चाचणीच्या पावतीवर ‘टेस्ट’ न लिहिता ‘त्र्यंबकेश्वर’ लिहून पाहावे.

ई-मेल जात नाही ही तक्रारही हमखास. बहुतेक क्लाउड कंपन्या २५ नंबरचे पोर्ट बाहेर जाण्यासाठी बंद ठेवतात, स्पॅम थांबावा म्हणून. मेल सेवेमार्फत ५८७ वरून पाठवावी. काही कंपन्या तेही अडवतात, हे आधी विचारून घ्यावे. लेट्स एन्क्रिप्टचे एचटीटीपीएससाठीचे फुकट प्रमाणपत्र साधारण ९० दिवसांचे असते. नेहमीच्या पद्धतीने नूतनीकरण होताना त्याला ८० नंबरचे पोर्ट लागते. ‘आता एचटीटीपीएस आहे’ म्हणून ते बंद केले की तीन महिन्यांनी साइटवर धोक्याचे पान झळकते. मुदत संपत आल्याची ई-मेल पाठवणे त्यांनी जून २०२५ पासून थांबवले आहे, तेव्हा नूतनीकरणाची रंगीत तालीम, म्हणजे ‘सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन’, समोर चालवून घ्यावी.

ॲमेझॉनवर मशीन थांबवून पुन्हा सुरू केले की सार्वजनिक आयपी बदलतो आणि डोमेन जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहते. त्यासाठी इलॅस्टिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, घ्यावा. १ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ ला ताशी ०.००५ डॉलर पडतात, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. मशीन बंद ठेवून इलॅस्टिक आयपी नुसता धरून ठेवला तरी हे पैसे लागतात. विसरून राहिलेले जुने आयपी बिलात शोधावेत.

सर्व्हर उभे करून देणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. एका गिऱ्हाइकाचे मशीन नीट बसले की त्याचीच इमेज करून पुढच्या दहांना द्यायची, ही कामाची बचत समजू शकते. पण साचा धुऊन घ्या. त्या इमेजमध्ये पहिल्या गिऱ्हाइकाचा डेटा, त्याचे प्रमाणपत्र, टर्मिनलचा इतिहास आणि त्यात टाइप केलेले पासवर्ड जसेच्या तसे असतात. तुमची सार्वजनिक कीही असते, म्हणजे दहाही सर्व्हरचे दार तुमच्या एका लॅपटॉपला उघडे. तो लॅपटॉप चोरीला गेला तर? इमेज करण्याआधी ऑथराइज्ड-कीजमधल्या ओळी काढा, एसएसएचच्या होस्ट की, म्हणजे सर्व्हरची स्वतःची ओळख, पुसा, मशीन-आयडीची फाइल न पुसता फक्त रिकामी करा, ‘क्लाउड-इनिट क्लीन --लॉग्स’ द्या, इतिहास पुसा. बूट लवकर व्हावे म्हणून क्लाउड-इनिटच काढून टाकणारे आहेत. मग नवीन मशीनवर होस्ट की कोण बनवणार? जुन्याच ठेवल्या तर सगळ्यांची ओळख एकच होते आणि एकाची की फुटली की दुसऱ्याच्या नावाने फसवता येते. डेटाबेसचा पासवर्ड आणि लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कची ॲप-की प्रत्येक ठिकाणी नव्याने बनवा. आणि इमेज ‘पब्लिक’ झालेली नाही ना, ते दोनदा पाहा. आपल्याकडच्या पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेजांत प्रयोगशाळेच्या एका तासात हे शिकवता येईल, आणि शिकवायला हवे.

बॅकअपबद्दल थोडक्यात. चालत्या मशीनचा स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत, ही अचानक वीज गेल्यावर उरलेल्या डिस्कसारखी असते. डेटाबेस बहुधा सावरतो, पण त्यावर विसंबू नये. ‘मायएसक्यूएलडंप’ला ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ जोडून रोजचा डंप घ्यावा, मात्र टेबले इनोडीबी प्रकारची हवीत. एक प्रत दुसऱ्याच खात्यात किंवा ऑफिसात उतरवावी, कारण खातेच बंद पडले तर स्नॅपशॉटही सोबत जातात. लॉगचेही पाहावे: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि घुसखोरीसारखी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. उबुंटूवर एनजिनएक्स आणि अपाचेचे लॉग मूळ सेटिंगमध्ये रोज नव्या फाइलीत फिरतात आणि जुन्या १४ फाइलीच ठेवल्या जातात. म्हणजे कुणी काही न केल्यास पंधरवड्यापलीकडचा पुरावा शिल्लक नाही. लॉग फिरवणाऱ्या लॉगरोटेटमधला तो आकडा वाढवावा आणि डिस्कही त्या मानाने घ्यावी. ॲमेझॉनवर उबुंटूची डिस्क न सांगितल्यास ८ जीबीच मिळते. पुढे चालू मशीनची डिस्क वाढवली तरी आतले पार्टिशन ‘ग्रोपार्ट’ने आणि फाइल सिस्टिम ‘रीसाइज२एफएस’ने ताणावी लागते, रॉकी-अल्मावर बहुधा ‘एक्सएफएस-ग्रोएफएस’ने.

हे सगळे तपासायला मालकाला लिनक्स यायला हवे असे नाही. शेवटचा हप्ता देण्याआधी समोर बसून मशीन रिबूट करायला सांगावे. टर्मिनलमध्ये हाताने सुरू केलेला प्रोग्रॅम, आपोआप सुरू व्हावी म्हणून ‘एनेबल’ न केलेली सेवा, एफएसटॅबमध्ये न लिहिलेला स्वॅप, सगळे तिथेच उघडे पडते. एफएसटॅबमध्ये जादा डिस्कची ओळ ‘नोफेल’शिवाय (डिस्क सापडली नाही तरी पुढे जा, या सूचनेशिवाय) चुकीची लिहिली असेल तर मशीन उठणारच नाही; ते मध्यरात्री एकट्याने कळण्यापेक्षा लिहिणारा समोर असताना कळलेले बरे. मशीन उठले की आपल्या मोबाइलवरून एक बुकिंग करावे, मराठी नावाची पावती काढावी आणि कालचा बॅकअप दुसऱ्या रिकाम्या मशीनवर चढवून दाखवायला सांगावा. तासाभराच्या मशीनला त्यासाठी चार-दोन रुपये लागतात.

आपला,
सर्व्हर व्यवस्थापनाचे काम करणारा एक वाचक,
गंगापूर रोड, नाशिक